मागाचा खड्डा

माग विकला तेव्हा घेणाऱ्यानं फणी नेली, धोटे नेले,
पावड्यासुद्धा दोरीनं बांधून नेल्या.
जमिनीत रोवलेले सागवानी खांब मात्र ओढून निघाले नाहीत.
आणि खड्डा. खड्डा कोण नेतंय?

बुजवायला वाळू सांगून ठेवली होती.
वाळू यायच्या आधी डोक्यात समुद्र आला.

वडगावातून समुद्र म्हणजे चोर्ला उतरून तीन तास,
तोही गाडी लागली नाही तर.

हुक्केरींच्या दुकानात यादी दिली :
पाऊण इंची पाइप पंधरा फूट, एल्बो सहा, युनियन दोन,
बॉल व्हॉल्व्ह एक, सॉल्व्हंटची डबी.
"बाथरूम काढालास काय?"
नाही, म्हटलं, खाऱ्या पाण्याची टाकी.
"उप्पु नीरंते," ते आत मुलाला म्हणाले,
आणि बाहेर मला, मराठीत :
मिठापुढं लोखंड टिकत नाही हं, क्लॅम्पसुद्धा प्लास्टिकचा ने.
पैसे दोन्ही भाषांत तेवढेच घेतले.

काचेला भोक पाडलं ते भरमूनं.
तो उद्यमबागेत लेथवर असतो, हिऱ्याचा बिट त्याचाच.
मी बाटलीनं पाण्याची धार धरली.
"दाब देऊ नको. काच आपणहून वाट देती."
वीस मिनिटं पांढरं दूध ओघळत राहिलं
मग एक गोल चकती तळहातावर पडली,
थंड, जुन्या रुपयाहून मोठी.
अंबूनं ती देव्हाऱ्यात ठेवली. का, ते तिनं सांगितलं नाही.

वरची टाकी खांबांवर, खालची खड्ड्यात.
वरचं पाणी काठावरून सांडतं, पाइपातून उतरतं,
खाली गाळलं जातं,
आणि आप्पांचे पाय जिथं दाबायचे
तिथून पंप त्याला पुन्हा वर ढकलतो.

मीठ पिंपात कालवलं. दोन रात्री काठी फिरवली,
आई ताण्याची खळ ढवळायची तशी, एकाच बाजूनं.
तरी काटा हिरव्या पट्टीत येईना.
चिमूट जास्त झाली, तांब्या कमी पडला.
समुद्राला कुणी मोजून दिलं असेल?

पहिली गळती युनियनपाशी :
टेफ्लॉन मी उलटा गुंडाळला होता.
दुसरी गळती हेस्कॉमची.
रात्री अडीचला लाइट गेली, पंप थांबला,
आणि वरचं पाणी चढायच्या पाइपातूनच उलटं उतरू लागलं,
मुकाट, थेट, कुणाला न उठवता.
पाय खाली ठेवला तर जमीन खारट.
(हो, बोट लावून चाखलं.)
अंबूनं जुन्या साड्या आणल्या, आमच्याच विणीच्या,
पहाटेपर्यंत आम्ही त्या पिळत होतो.
ती एकदाच म्हणाली, काठ रंग सोडत नाही बघ.

उपाय तांदळाएवढा निघाला.
पाइपाला, पाण्याच्या पातळीखाली बोटभर, एक भोक.
लाइट गेली की पाणी तेवढंच उतरतं,
भोक उघडं पडतं, पाइप हवा गिळतो
आणि थांबतो.
त्या दिवशी मी सातदा मुद्दाम बटण बंद केलं.
सातही वेळा त्यानं श्वास घेतला.

गल्लीतली पोरं खिडकीशी येतात.
"मासे कुठं हैत? नुसतं पाणी दिसालंय खरं."
पाणी पिकायला लागतं, सांगतो. दीड महिना.
हसतात.
परवा काचेवर तपकिरी लव आली,
पहिलं काहीतरी जिवंत, न बोलावलेलं.
मी फडकं घेतलं तर अंबू म्हणाली, राहू दे की दोन दिवस.

काल भिंतीपलीकडचे यल्लोजीमामा काठी टेकत आले.
ऐंशीच्या पुढचे, कानानं निम्मे.
"माग परत चालू केलास काय?"
नाही मामा, पंप आहे.
"मग रात्री बंद का करत नाहीस?"
याला बंद करून चालत नाही.
ते खड्ड्यात वाकून बघत राहिले बराच वेळ.
"म्हणजे तुझ्या बापापेक्षा कडक," म्हणाले,
आणि तिथंच, काठावर, पाय सोडून बसले.